सारायेव्होत बोस्नियाचा जुना वारसा कुठे बघू?

नौपाड्याची_लेक: दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन बोस्नियाला जातेय. नव्वदच्या दशकातल्या युद्धाच्या खुणा सगळेच दाखवतात, मला त्याआधीचं हवंय. बाबा ठाण्यात ग्रंथपाल होते.

वाशीकर_वाचक: मग राष्ट्रीय संग्रहालयातली हग्गादा चुकवूच नका! १४व्या शतकात स्पेनमध्ये तयार झालेली ज्यूंची सचित्र पोथी. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या हाती लागू नये म्हणून दर्विश कोरकुत या मुस्लिम ग्रंथपालाने ती लपवली. बाबांना हे जरूर सांगा. ती कधी पाहता येते, ते आधी विचारून घ्या. तिथेच स्तेचाक आहेत, मध्ययुगातले कोरीव थडग्यांचे दगड. आपले वीरगळ आवडत असतील तर पाय निघणार नाही. २०१६पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत.

ऐरोलीची_माई: मोस्तारही करा गं. १५६६चा पूल १९९३मध्ये तोफांनी पाडला, २००४मध्ये पुन्हा उभा राहिला.

नौपाड्याची_लेक: माई, मोस्तार नक्की. कोरकुतांबद्दल बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, ते नकाशा काढून बसलेत.

वाशीकर_वाचक: त्यांना सारायेव्होतली व्हियेच्नित्साही दाखवा, म्हणजे जुना टाउन हॉल. १९९२मध्ये तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय जाळलं, लाखो पुस्तकं गेली. इमारत २०१४मध्ये पुन्हा उघडली.