'बगळा' शब्द नको वाटतोय, दुसरा सुचवाल का?

रामबागची मावशी (इंदूर):
आमच्या वाचन मंडळात या महिन्यात कवी फ्रान्सिस लेडविज वाचणार आहे, त्याची एक कविता मी मराठीत आणतेय. आयर्लंडमधल्या स्लेन गावचा, जन्म १८८७. शाळा लहानपणीच सुटली. शेतावर राबला, तांब्याच्या खाणीत उतरला, रस्त्याच्या कामावर मुकादम झाला. आणि लिहिलं कशावर, तर कस्तूर पक्ष्यावर, रानफुलांवर. १९१४ मध्ये फौजेत गेला. ३१ जुलै १९१७, बेल्जियममध्ये ईप्रजवळ त्याची तुकडी रस्ता बांधत होती. चहा प्यायला थांबले, तेवढ्यात तोफगोळा पडला. वय २९. गावाकडे रस्ते केले आणि गेलाही रस्ता करतानाच! हे वाचलं त्या रात्री मला पुढचं पान उलटवेना.

आता अडचण. आयर्लंडचाच कवी थॉमस मॅकडोना, त्याला १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या आयरिश उठावानंतर ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या. लेडविजच्या अंगावर गणवेश ब्रिटिशांचाच, तरी त्याने मॅकडोनासाठी विलापिका लिहिली: आता त्याला बिटर्नची हाक ऐकू येणार नाही. बिटर्न बगळ्याच्या कुळातला. पण 'बगळा' म्हटलं की आपल्याला बकध्यान आठवतं. हुतात्म्याच्या कवितेत तो कसा घालू? कोकिळ करू का?

वडोदऱ्याची वाचक:
मावशी, कोकिळ नका करू. आयरिश भाषेत पिवळ्या बिटर्नवर एक जुनी कविता आहे. तळं गोठलं आणि तो तहानेने मेला. ती इंग्रजीत आणली होती मॅकडोनानेच. लेडविज त्याला त्याचाच पक्षी परत देतोय. पक्षी बदललात तर कविता गेली.

सिरपूरचा भटक्या (इंदूर):
मावशी, याचा तांबूस भाऊबंद मी सिरपूर तलावावर पाहिलाय. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून पाणकणसात ताठ उभा राहतो. वारा आला की कणसांबरोबर तोही डुलतो. पाच हातांवर होता, तरी मला आधी दिसलाच नाही. त्यात ढोंग कसलं, जीव वाचवायची धडपड आहे ती. 'पाणकणसातला पक्षी' म्हणा.

रामबागची मावशी:
भटक्या, पहिली ओळ तुमच्या शब्दाने लिहून पाहिली, बसतेय. आणि वडोदऱ्याच्या ताई, ती पिवळ्या बिटर्नची कविता मी आधी वाचेन, विलापिका मग. रविवारी सिरपूरला किती वाजता येऊ? माझ्याकडे दुर्बीण नाही.