बॉक्स नंतर, आधी बेंड
गिटार शिकताना पेंटॅटॉनिकचे (पाच सुरांच्या स्केलचे) पाचही बॉक्स (बोटांच्या जागांचे ठरलेले साचे) पाठ झाल्याशिवाय लिक्सना (छोट्या तयार सुरावटींना) हात लावू नका असा सल्ला देतात, तो काही पटला नाही. मी सहा महिने बॉक्सच घोटत बसलो, वाजवलं की नुसते पाढे म्हटल्यासारखं वाटायचं. ए (A) मायनरचा ५व्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) एकच बॉक्स घ्या, जी (G) तारेचा ७वा फ्रेट अनामिकेने दाबून तार वर ढकला, म्हणजेच बेंड करा (मागे मधलं बोट नि तर्जनी टेकू द्यायला, नाहीतर बोट सोलवटतं) आणि लगेच बी (B) तारेचा ५वा फ्रेट वाजवा, दोन्ही सूर तंतोतंत एकच यायला हवेत, माझा आठवडाभर बेसूरच लागत होता.

आणि हो, जी तारेवरच ५वा फ्रेट वाजवताना तार अगदी किंचित ओढून बघा, ए ला सा धरलं तर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधेच कुठेतरी सूर लागतो, ब्लूज संगीताचा तो रडवेपणा बराचसा तिथलाच.