हर्नियाच्या ऑपरेशननंतर पोट रिकामेच होत नाही; जी-पोएम करून घ्यावे का?

गंगापूररोडकर
नमस्कार. माझ्या आईचे वय ५८ आहे. हायटस हर्नियासाठी (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) तिचे दुर्बिणीतून फंडोप्लिकेशन, म्हणजे जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया, झाले, त्याला आता दीड वर्ष होत आले. छातीतली जळजळ थांबली, परंतु चार घास खाल्ले की पोट गच्च होणे आणि दिवसभर मळमळणे हा त्रास तेव्हापासून जो सुरू झाला तो आजतागायत आहे. उलटी धड होत नाही, नुसते उमासे येत राहतात. अलीकडच्या एंडोस्कोपीत, आदल्या रात्रीपासून उपाशी असूनही, जठरात मेथीच्या भाजीचे तुकडे तसेच पडलेले दिसले आणि गॅस्ट्रोपॅरेसिसचे, म्हणजे जठर फार हळू रिकामे होण्याच्या आजाराचे, निदान झाले. जठराला गती देणाऱ्या डोमपेरिडोनने थोडा आराम पडला. तशाच लेव्होसल्पिराइडने हात थरथरू लागल्यामुळे ते बंद करावे लागले. नाशिकमधील एका डॉक्टरांनी जठराच्या झडपेत बोटॉक्सचे (स्नायू सैल करणारे औषध) इंजेक्शन सुचवले आहे, तर मुंबईच्या तज्ज्ञांच्या मते थेट जी-पोएम, म्हणजे त्या झडपेचा स्नायू कापण्याची प्रक्रिया, करावे. पुन्हा पोटावर शस्त्रक्रिया म्हटले की आई हादरते. या दोन उपायांपैकी कोणता घ्यावा आणि त्याआधी काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पोटविकार_नाशिक
मी याच शाखेत काम करतो. रुग्णाला न तपासता लिहीत आहे, त्यामुळे हे मार्गदर्शन म्हणूनच घ्यावे.

फंडोप्लिकेशन जिथे केले जाते तिथेच, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लगटून, व्हेगस नसा जातात. त्यांना इजा झाली तर जठराचे घुसळणे मंदावते आणि पायलोरस, म्हणजे जठरातून लहान आतड्याकडे जाणारी झडप, वेळेवर सैल पडत नाही. काही रुग्णांमध्ये हा त्रास पहिल्या वर्षभरात आपोआप ओसरतो, म्हणून आम्ही सुरुवातीला घाई करत नाही. दीड वर्षानंतर मात्र नुसती वाट पाहण्यात फारसा अर्थ उरत नाही.

जी-पोएममध्ये पोटावर कोठेही छेद घेतला जात नाही, हे आईंना अवश्य सांगा. पूर्ण भूल देऊन दुर्बीण तोंडावाटे जठरात नेतात, पायलोरसच्या काही सेंटिमीटर अलीकडे अस्तराखाली निळसर द्रव टोचून ते उचलतात, तिथे छोटा छेद घेऊन अस्तराखालून बोगदा करत झडपेच्या स्नायूपर्यंत पोहोचतात, तो स्नायू कापतात आणि शेवटी छेद क्लिपांनी बंद करतात. जपानमध्ये डॉ. इनोउए यांनी अन्ननलिकेच्या अकॅलेशियासाठी (तिची खालची झडप सैल न पडण्याचा आजार) विकसित केलेल्या पोएम या प्रक्रियेचेच हे पुढचे रूप असून, जठरासाठी त्याचा पहिला वापर २०१३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथून प्रसिद्ध झाला.

पुराव्याबद्दल सांगायचे तर २०२२ मध्ये 'गट' (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चेक प्रजासत्ताकातील चाचणी महत्त्वाची आहे. तीत ४१ रुग्ण होते आणि काहींना प्रत्यक्ष स्नायू न कापता केवळ तसा देखावा केला होता. सहा महिन्यांनी लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेले रुग्ण खऱ्या उपचाराच्या गटात ७१ टक्के, तर देखाव्याच्या गटात २२ टक्के होते. मात्र सर्वांत ठळक फायदा मधुमेहींना झाला. आपल्या आईंसारख्या, शस्त्रक्रियेनंतर त्रास सुरू झालेल्या रुग्णांमध्ये तो तुलनेने कमी दिसला. हे उपगट फार लहान होते, तरीही सल्ला देणाऱ्याने ही बाब आपल्यापासून लपवता कामा नये. बोटॉक्स मला पटत नाही. तुलनात्मक चाचण्यांत ते नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही आणि अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही त्याची शिफारस नाही.

झडप मोकळी केल्याने जठराची गेलेली ताकद परत येत नाही. मळमळ आणि लवकर पोट भरणे यांत सुधारणा अपेक्षित असते. पोटदुखी हेच मुख्य गाऱ्हाणे असेल तर मी जपूनच बोलतो. रक्तस्राव, छिद्र पडणे, छेदाच्या जागी व्रण होणे आणि क्वचित अन्न फारच वेगाने पुढे सरकून घाम व धडधड होणे, हे धोके आहेत.

आता दोन प्रश्न. गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन (जठर किती वेगाने रिकामे होते ते मोजणारी तपासणी) पूर्ण चार तासांचा झाला आहे का? आणि आईंना दुसरी कोणती औषधे सुरू आहेत?

सिन्नरची_वहिनी
माझ्या यजमानांना मधुमेहामुळे हाच आजार होता आणि त्यांचे जी-पोएम मुंबईत झाले. आदले दोन दिवस फक्त पातळ आहार होता. नंतर काही दिवस बेंबीच्या वर दुखत होते आणि आम्ल कमी करणारी गोळी बरेच आठवडे चालू ठेवावी लागली. उलट्या जवळजवळ थांबल्या, पोट फुगणे मात्र अजून आहे. एक गोष्ट आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती: अन्न लवकर पुढे जाऊ लागल्यामुळे जेवणानंतरची साखर वेगळ्याच वेळी चढू लागली आणि इन्सुलिनच्या वेळा नव्याने बसवाव्या लागल्या. आपल्या आईंना मधुमेह असेल तर हे ध्यानात ठेवावे.

आहारतज्ज्ञ_पंचवटी
निर्णय होईपर्यंत आहार सांभाळावा. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा, तेल-तूप कमी आणि अन्नाचे कण शक्य तितके बारीक असावेत. मऊ भात, मुगाचे पातळ वरण, नागलीची गाळलेली पेज, सैलसर भगर, ताक हे चालते. मेथीसारख्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे आणि सालीसकट द्राक्षे तूर्त नकोत. मिसळीचे तर नावच काढू नये, कारण मटकी, फरसाण आणि तर्री तिन्ही एकदम पोटात जातात. घन अन्न थांबते तेव्हाही द्रव बहुतेक वेळा पुढे सरकते, म्हणून वजन घटत असल्यास उष्मांक द्रवातूनच वाढवावेत.

गंगापूररोडकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला मधुमेह नाही. स्कॅन दोनच तासांचा झाला होता. कंबरदुखीसाठी ती अधूनमधून ट्रामाडोल घेते. ते पोटाच्या डॉक्टरांना सांगायचे असते हे आमच्या लक्षातच आले नव्हते.

पोटविकार_नाशिक
ट्रामाडोल हे अफूवर्गीय औषध असून ते जठराची गती मंदावते. ते देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून टप्प्याटप्प्याने बंद करावे व पर्याय घ्यावा. त्यानंतर चार तासांचा स्कॅन करावा. त्यात किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले ठरावीक खाणे दिले जाते, काही ठिकाणी अंड्याऐवजी इडली देतात, आणि ठरावीक अंतराने छायाचित्रे काढतात. चार तासांनंतर दहा टक्क्यांहून अधिक अन्न शिल्लक असेल तर निदान पक्के. स्कॅनच्या आधी डोमपेरिडोन किती दिवस थांबवायचे तेही विचारून घ्यावे. सोबत बेरियमचा एक्स-रे काढावा, कारण जठराचा गुंडाळलेला भाग फार घट्ट झाला असेल किंवा सरकला असेल तर झडप कापून काहीच साधणार नाही. हे सर्व अहवाल आणि जुन्या शस्त्रक्रियेची नोंद घेऊनच मुंबईला जावे व तेथे एंडोफ्लिपने (झडपेत फुगा फुगवून मोजणारे साधन) झडपेचा ताण मोजण्याची सोय आहे का, तेही विचारावे. दरम्यान पाणीही पोटात ठरेनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर अहवालांसाठी न थांबता इथेच दाखल करावे.