'टिंबर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संगणक-संगीत आणि ध्वनिशास्त्राच्या केंद्रावर लेख लिहिते आहे. केंद्र १९७५ चं, नावाचं लघुरूप सीसीआरएमए. तिथली मंडळी त्याचा उच्चार चक्क 'कर्मा' करतात! अडलंय ते केंद्राच्या संस्थापकांपैकी एक, जॉन चाउनिंग यांच्या शोधापाशी. १९६७ साली ते व्हिब्राटोचे, म्हणजे स्वर किंचित वरखाली डुलवण्याचे प्रयोग करत होते. त्याचा वेग खूप वाढवल्यावर स्वर डुलतोय असं वाटेनासं झालं आणि त्याऐवजी 'टिंबर'च बदललं. याला मराठी शब्द?

प्रतिसाद: 'नादाची जात'. संगीताच्या परीक्षांना बसलेल्या कुणालाही विचारा. नादाची लक्षणं तीन: लहानमोठेपणा, उंचनीचपणा आणि जात. एकाच पट्टीतला, तेवढ्याच जोराचा षड्ज बासरीचा की पेटीचा हे न बघता कळतं ते जातीमुळे. तयार शब्द असताना नवा कशाला पाडायचा?

प्रश्नकर्ती: 'नादाची जात हळूहळू बदलत जाते' असं लिहिलं तर वाचक भलत्याच वाटेला लागेल. शिवाय जात म्हटलं की ती ठरलेली. इथे खरी गंमत बदलण्यात आहे. ट्रम्पेट जोरात फुंकलं की आवाज नुसता मोठा होत नाही, वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक स्वर) वाढून तो झळाळतो. फ्रेंच संगीतकार ज्याँ-क्लोद रिसे यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत विश्लेषण करून हे आधीच दाखवलं होतं. चाउनिंगच्या तंत्रात एक लहर दुसरीची कंप्रता वेगाने वरखाली हलवते; ती किती हलवायची हे ठरवणाऱ्या मॉड्युलेशन इंडेक्स या एकाच आकड्यातून त्यांना तो सगळा बदल साधता आला. म्हणून तर यामाहाने ते तंत्र घेतलं आणि १९८३ साली डीएक्स७ हा सिंथेसायझर आला.

प्रतिसाद: मग 'पोत'. 'आवाजाचा पोत' आपण गायकांबद्दल सर्रास म्हणतो, आणि एकाच गायकाचा पोत खर्जात वेगळा, तारसप्तकात वेगळा असतो.

प्रतिसाद: पोत म्हणजे टेक्श्चर. पाश्चात्त्य संगीतात ती वेगळी संज्ञा आहे, अनेक स्वरावली एकमेकींत कशा विणल्यात त्याची. लेखात पुढे ती आली की पंचाईत होईल.

प्रतिसाद: आणि 'जवारी'? तारेच्या झणझणीत गुंजेसाठी मिरजेच्या तंबोरा करणाऱ्यांचा शब्द. घोडीवर तारेखाली सूत सरकवलं की जवारी खुलते आणि स्वयंभू गांधार, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा गांधार, बोलायला लागतो. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू (तार न हलणारी जागा) पडतो ते उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा जुना नियम. तंबोऱ्यात ते येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये मांडलं होतं. तुमच्या लेखाला हा धागा जोडाच.

प्रतिसाद: जोडा, पण प्रतिशब्द म्हणून नको. 'जवारीदार गळा' ठीक. ट्रम्पेटला जवारी कशी असेल? जवारी हा टिंबरचा एक प्रकार झाला.

प्रश्नकर्ती: 'पोत' घेते. पहिल्या उल्लेखात 'टिंबर, म्हणजे आवाजाचा पोत' असं लिहीन, आणि टेक्श्चरला 'वीण'.

प्रतिसाद: 'वीण' झकास. चाउनिंगच्या तंत्रातल्या दोन लहरींच्या कंप्रतांचं प्रमाण १ : १.४ असं ठेवलं की घंटेसारखा आवाज येतो, त्याबद्दलही लिहिणार असाल तर तिथे मात्र सरळ 'घंटानाद' लिहा. 'घंटेचा पोत' वाचून लोक पितळेवर हात फिरवतील.