बी-२०२ ला कोणीतरी सांगा, शाळा सोमवारीच आहे

शनिवार, १४ जून २०२५

सेक्रेटरी काका (सायं. ५:०५): सर्व सभासदांना कळवण्यात येते की सोमवार दि. १६ जूनपासून शाळा सुरू होत आहेत. सकाळी ६:३० ते ७:१५ या वेळेत गेटसमोर कोणीही दुचाकी लावू नये. स्कूल बसला वळायला जागा लागते. मागील वर्षीचा अनुभव सर्वांच्या स्मरणात असेलच. तसेच मुलांच्या स्वागतासाठी गेटवर फुगे व बॅनर लावण्याचा कमिटीचा विचार आहे. अंदाजे खर्च रु. ३,०००/-. सूचना कळवाव्यात.

अर्णवचे बाबा: मागील वर्षीचा अनुभव म्हणजे माझी ॲक्टिव्हा ना? सरळ नाव घ्या की काका.

सेक्रेटरी काका: नाव घेतलेले नाही.

खजिनदार: ३,००० कोणत्या खात्यातून? सांस्कृतिकमध्ये ११४० शिल्लक आहेत आणि पुढे गणपती आहेत.

बी-४०१ आजोबा: शुभ संध्याकाळ.

बी-२०२ (नवीन): नमस्कार. आम्ही मेमध्ये अमरावतीहून इथे पुण्यात राहायला आलो. सोमवारी कोणत्या शाळा सुरू होत आहेत? सीबीएसईच्या का?

ईशाची आई: नाही हो, सीबीएसईवाल्यांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं. या स्टेट बोर्डाच्या.

बी-२०२ (नवीन): पण स्टेट बोर्डाच्या तर २३ तारखेला आहेत ना?

ईशाची आई: त्या विदर्भात. इकडे १६.

बी-२०२ (नवीन): अरे बापा!

बी-२०२ (नवीन): मुक्ता पाचवीत आहे. ॲडमिशन झाली, बससाठी नाव दिलं, बाकी काहीच घेतलं नाही. पुढच्या शनिवारी निवांत घेऊ म्हटलं. शाळेत जुना नंबर दिलेला, त्यावर मेसेज आला असेल तर तो बंद आहे.

अर्णवचे बाबा: एकाच राज्यात शाळेच्या दोन तारखा? हे काय नवीन?

बाई (सी-३०४): नवीन काही नाही, वर्षानुवर्षं असंच आहे. ऊन हे कारण. आपल्याकडे या वर्षी २६ मेलाच पावसाळा सुरू झाला, रेनकोट मेमध्येच निघाले, म्हणून तुम्हाला प्रश्न पडतो. जूनच्या मध्यावर अकोला-चंद्रपूरकडे पत्र्याच्या वर्गात दुपारी बसून बघा. मी एकदा प्रशिक्षणासाठी त्या दिवसांत तिकडे होते. फळ्याला हात लावला तरी गरम लागायचा.

रोहनची आई: बी-२०२, घाबरू नका. पाचवी ना? सेमी की मराठी? पुस्तकं शोधू आपण आत्ता.

बी-२०२ (नवीन): सेमी.

ईशाची आई: ईशा आता सहावीत गेली, तिची पाचवीची पुस्तकं आहेत. पण ती चार भागांची, मध्ये वह्यांची पानं असलेली. सगळी पानं लिहून भरलीत. एका पानावर तर नुसत्या मांजरी आहेत.

अर्णवचे बाबा: ती चार भागांची भानगड मला आजही कळलेली नाही.

रोहनची आई: २०२३-२४ ला आली ना ती. दुसरी ते आठवी. दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून सगळ्या विषयांचे थोडे थोडे धडे एका भागात आणि प्रत्येक धड्यानंतर लिहायला कोरी पानं. एका वेळी एकच भाग शाळेत न्यायचा. कल्पना वाईट नव्हती. पण शाळेने वह्याही मागितल्याच. मग दप्तरात भागही आणि वह्याही. या वर्षीपासून ती पानं बंद, पुन्हा विषयवार पुस्तकं.

ईशाची आई: आणि धाकट्या भावंडाला पुस्तक द्यायचं म्हटलं तर मांजरींसकट द्यायचं.

रोहनची आई: थांबा! रोहन आता आठवीत. म्हणजे तो पाचवीत होता २०२२-२३ ला, चार भागांच्या आधी. त्याची पुस्तकं विषयवारच असणार. माळ्यावर बघते.

अर्णवचे बाबा: तीन वर्षांपूर्वीची चालतील? अभ्यासक्रम बदलला असेल तर?

बाई (सी-३०४): या वर्षी फक्त पहिलीचा बदललाय. पाचवीचे धडे तेच आहेत. आणि एक सांगून ठेवते, कोणी उत्साहाने पहिलीची जुनी पुस्तकं वाटू नका. आपल्या वॉचमनचा धाकटा सोमवारी पहिलीत जातोय, समोरच्या महापालिकेच्या शाळेत. त्याला नवीन पुस्तकं शाळेतच मिळणार, तीही फुकट. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत मिळतात. मागच्या वर्षी त्याच्या बहिणीला या सोसायटीतून तीन जुनी दप्तरं मिळाली होती. तिन्हींची चेन तुटलेली होती. त्यांना काय हवंय ते आधी त्यांना विचारा.

सेक्रेटरी काका: सूचनेची नोंद घेतली आहे.

रोहनची आई (५:४८): सापडली. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास भाग १. परिसर अभ्यास भाग २ नाही. गणिताला कव्हर नाही, पण पानं सगळी आहेत.

बी-२०२ (नवीन): ताई, कसे आभार मानू! भाग २ कुठे मिळेल?

रोहनची आई: अप्पा बळवंत चौक. आमचे हे पाचच मिनिटांत त्या बाजूला निघालेत, त्यांच्याबरोबर जा. मुक्तालाही न्या, वह्या तिलाच निवडू देत. दुकानात जाऊन नुसतं ‘पाचवी सेमी’ म्हणा, तो वरून न बघता पुस्तक काढून देतो. बालभारतीच्या पुस्तकावर किंमत छापलेली असते, तेवढीच द्यायची. खाकी कव्हरचा रोल आणि लेबलंही तिथेच घ्या.

ईशाची आई: आणि वह्या शाळेची यादी हातात आल्याशिवाय घेऊ नका. चौरेघी, दुरेघी, एकरेघी, १०० पानी, २०० पानी, प्रत्येक बाईंचं वेगळं असतं. दोनच एकरेघी घ्या सोमवारपुरत्या.

अर्णवचे बाबा: युनिफॉर्म?

बी-२०२ (नवीन): शाळेने एका दुकानाचा पत्ता दिला होता. त्यांना फोन केला, ते म्हणाले माप घेतल्यावर आठ दिवस.

ईशाची आई: मग आठ दिवस साध्या कपड्यांत जाऊ दे. डायरीत दोन ओळी लिहून द्या, मी मराठीत छान लिहून देते, ‘कृपया सहकार्य व्हावे’ वगैरे. आमच्या ईशाचाही स्कर्ट आखूड झालाय, ती पण साध्याच ड्रेसमध्ये जाईल. दोघी असल्या की कोणी बघत नाही.

ईशाची आई: ईशाला आत्ता विचारलं. ती म्हणते, चालेल, पण मला तो निळा घालायचाय.

बी-४०१ आजोबा: आमच्या वेळी खाकी चड्डी आणि टोपी. झालं.

अर्णवचे बाबा: जाऊ दे. मला एक सांगा, चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ नंतर भरवायच्या असं गेल्या वर्षी फेब्रुवारीत निघालं होतं ना? अर्णव दुसरीत. त्याला ६:५० ची बस का?

रोहनची आई: कारण बस एकच आहे. एकाच बसने मोठे आणि लहान आणायचे तर दोन फेऱ्या, दोन फेऱ्या म्हणजे बसचे पैसे वाढणार. मागच्या पालकसभेत हेच झालं. लहानांना ९ ची वेळ हवी का, म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर. बसचे जास्त पैसे द्याल का, म्हटल्यावर दोन हात.

अर्णवचे बाबा: त्यातला एक माझा होता.

खजिनदार: दुसरा माझा नव्हता. प्रामाणिकपणे सांगतो.

ईशाची आई (७:३०): आत्ता एक प्रयोग केला. बॅग मोजायचा तो हुकाचा काटा असतो ना प्रवासाचा, त्याला ईशाचं दप्तर लावलं. पाच किलो चारशे. ईशा एकतीस किलोची.

रोहनची आई: पहिल्या दिवशी?? वेळापत्रकसुद्धा मिळालेलं नाही अजून.

ईशाची आई: म्हणूनच तर. वेळापत्रक नाही म्हणून तिने सगळंच भरलंय. शिवाय लिटरची बाटली, दोन डबे, कंपास आणि एक दगड. दगड कशाला, तर सांगत नाही.

बाई (सी-३०४): केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण आहे. मुलाच्या वजनाच्या दहा टक्के, त्याहून जास्त नाही. सहावी-सातवीला दोन ते तीन किलो. पहिली-दुसरीला जेमतेम दोन, आणि गृहपाठ नाही. अर्णवच्या बाबांनी हे छापून फ्रिजवर लावावं, कारण ते सुट्टीतसुद्धा त्याच्याकडून पाढे लिहून घेत होते. गॅलरीतून ऐकू येतं.

अर्णवचे बाबा: बाई, तो स्वतःहून म्हणतो.

बाई (सी-३०४): सतराचा पाढा कोणी स्वतःहून म्हणत नाही.

सेक्रेटरी काका: विषय भरकटत आहे. बॅनरबाबत निर्णय व्हावा. मजकूर असा: ‘नवीन शैक्षणिक वर्षात पदार्पण करणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांचे हार्दिक स्वागत. शुभेच्छुक, कार्यकारिणी.’ खाली कार्यकारिणीचे फोटो.

खजिनदार: फोटो कशाला?

सेक्रेटरी काका: बॅनरवर फोटो असतात.

बाई (सी-३०४): मी एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावते. पहिल्या दिवशी आम्हीही तोरण बांधायचो. गुलाबाचं फूल, औक्षण, पाहुणे आले तर भाषण. नंतर नंतर कागदावर मुलांच्या पावलांचे रंगीत ठसे घ्यायला लागलो, ‘पहिलं पाऊल’ म्हणून. आयांना ते फार आवडायचं, कितीतरी जणींनी ते कागद जपून ठेवले असतील. पण मूल रडायचं थांबायचं ते त्यामुळे नाही. त्याला तीन गोष्टी कळल्या की थांबायचं: बाथरूम कुठे आहे, डबा कधी खायचा, आणि घ्यायला कोण येणार. हे तीन प्रश्न त्याच्या तोंडून कधी येत नाहीत, ते नुसतं ‘आई’ म्हणून रडतं. एका वर्षी चौथीतला एक दांडगा मुलगा होता, रोज मार खाईल असा. म्हणजे त्या काळी, आता कायद्याने मारता येत नाही आणि ते बरंच झालं. त्याला मी पहिलीची पाच पोरं वाटून दिली. म्हटलं, आठ दिवस ही तुझी. त्याने त्यांना नळ दाखवला, चपला कुठे काढायच्या ते दाखवलं, मधल्या सुट्टीत रांगेने फिरवून आणलं. त्या वर्षी माझ्या वर्गात तिसऱ्या दिवशी रडणं बंद. तेव्हा बॅनरचे पैसे वाचवा. आपल्याकडची मोठी मुलं सातवी-आठवीत आहेत. प्रत्येकाला एक लहान किंवा नवीन मूल द्या. बसमध्ये शेजारी बसवायचं, शाळेत वर्गाच्या दारापर्यंत सोडायचं, परत येताना आठवणीने बसमध्ये घ्यायचं. आणि आयांनी बसच्या मागे रिक्षा करून जाऊ नये. मी बघितलंय तेही.

रोहनची आई: रोहन म्हणतो तो अर्णवला घेईल. पण पाढे विचारणार नाही अशी अट घातली आहे.

ईशाची आई: मुक्ताला ईशा. एकच वर्ष पुढे आहे, पण तिला आधीच ताईपणा चढलाय.

खजिनदार: म्हणजे खर्च शून्य. मंजूर.

सेक्रेटरी काका: फुगे तरी लावू.

खजिनदार: ५० रुपयांचे.

बी-२०२ (नवीन) (८:५५): परिसर अभ्यास भाग २ मिळालं! आणि मुक्ताने स्वतः निवडलेल्या दोन वह्या. येताना भिडेवाड्याची जागा दाखवली दादांनी. १८४८ ची मुलींची शाळा इथली, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, मग त्यांनाही १६ लाच होती का?

बी-४०१ आजोबा: हुशार आहे.

बाई (सी-३०४): उद्या दुपारी कव्हरं घालायला मुलांना माझ्याकडे पाठवा. डिंक नको, चिकटपट्टीही नको. घडीचं कव्हर शिकवते, वर्षभर निघत नाही. कात्री ज्याची त्याने आणावी, माझी कोणीतरी मार्चमध्ये नेली आहे.

सोमवार, १६ जून

सेक्रेटरी काका (६:३४): गेटसमोर एक दुचाकी उभी आहे. कृपया काढावी.

सेक्रेटरी काका (६:४१): दुचाकी अद्याप उभी आहे.

रोहनची आई: खाली सगळे जमलेत. मुक्ता आणि ईशा दोघी निळ्या ड्रेसमध्ये. अर्णव रडत नाहीये, त्याचे बाबा डोळे पुसतायत.

अर्णवचे बाबा: पाऊस आहे तो.

रोहनची आई: छपराखाली?

बी-२०२ (नवीन): बस आली. पण बसमध्ये त्या ताई नाहीत, फक्त ड्रायव्हरकाका आहेत. चालतं का असं?

रोहनची आई: नाही चालत. लहान मुलं असली की बसमध्ये बाई मदतनीस हवीच, स्कूल बसच्या नियमांतच आहे, २०११ पासून. काका म्हणतात ताईंचा पाय मुरगळला, बदली बाई शाळेजवळून बसणार.

अर्णवचे बाबा: शाळेजवळून बसून काय उपयोग?

बी-२०२ (नवीन): मग पाठवायचं की नाही?

रोहनची आई: एक मिनिट. ईशाची आई चढली.

अर्णवचे बाबा: कुठे चढली?

रोहनची आई: बसमध्ये. म्हणाली मी बसते, निघा. निघाली बस.

बी-४०१ आजोबा: शाब्बास.

बाई (सी-३०४): वॉचमनचा धाकटाही गेला शाळेत. बहिणीने नेला हात धरून. मागे वळून बघितलंसुद्धा नाही त्याने.

ईशाची आई (७:०८): बसमधून लिहितेय. सगळी नीट आहेत. मुक्ताला खिडकी दिली. दगडाचं कळलं, शाळेत कोणाला तरी दाखवायचाय, त्यात चमकतं काहीतरी. रोहनने अर्णवला सतराचा पाढा विचारला, अट त्यानेच मोडली.

ईशाची आई: आता महत्त्वाचं. मी गाऊनवर आहे, वर ओढणी. पर्स घरी, फोनवर पैशांचं ॲप नाही, परत यायची काहीच सोय नाही. शाळेच्या मागच्या गेटवर कोणीतरी घ्यायला या. पुढच्या नको, तिथे मुख्याध्यापिका मुलांना फुलं देत उभ्या असतात.

अर्णवचे बाबा: निघालो. ॲक्टिव्हा समोरच उभी आहे.

सेक्रेटरी काका: म्हणजे ती तुमचीच होती.