मूळ फाइल परत टाकली तरी नोंद राहते

रिमॅप, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनच्या संगणकातील सॉफ्टवेअरमध्ये बदल, खुशाल करावा आणि गाडी सर्व्हिसिंगला नेण्यापूर्वी कंपनीची मूळ सॉफ्टवेअर फाइल परत टाकून घ्यावी, म्हणजे वॉरंटीला धक्का लागत नाही, हे काही जणांचे मत मला मान्य नाही. अलीकडच्या बऱ्याच ईसीयूंमध्ये (इंजिनच्या संगणकांमध्ये) प्रोग्रॅमिंग किती वेळा झाले याची नोंद राहते, आणि मूळ फाइल टाकणे हेही प्रोग्रॅमिंगच असल्याने तो आकडा उलट वाढतो. आमच्या वणी तालुक्यातील एका कापूस उत्पादकाच्या डिझेल गाडीचा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा भाग) वॉरंटीच्या मुदतीतच गेला, तेव्हा तंत्रज्ञाने स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणीसाठीच्या जोडणीला) स्कॅनर जोडून तो आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहिला आणि बॉनेट उघडण्याआधीच दावा फेटाळला गेला. त्या वेळी गाडीत मूळ फाइलच होती, हे विशेष.

शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा इंटरकूलरची हवा थंड करण्याची क्षमता मुळातच घटलेली असते, त्यात रिमॅपने वाढवलेल्या बूस्टचा (हवेच्या दाबाचा) भार टर्बोवर पडतो. ट्यूनिंगवाले हा हिशेब क्वचितच सांगतात. मात्र रिमॅप केला म्हणून खिडकीच्या मोटरीचा दावाही कोणी फेटाळत असेल, तर ते निमूटपणे सोसण्याचे कारण नाही. नकार कारणासह लेखी मागून घ्यावा, कारण जिल्हा ग्राहक आयोगापुढे तोंडी नकार सिद्ध करणे फार जड जाते.