'लिपी बदला' की 'केस बदला'? नावांचे रूप पालटण्याच्या आज्ञेसाठी मराठी शब्द

उंबरठा :
प्रोग्रॅम लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका मुक्तस्रोत एडिटरच्या मेनूचे मी सध्या मराठी भाषांतर करते आहे. प्रोग्रॅममधल्या निवडलेल्या नावाचे रूप बदलणाऱ्या चार आज्ञा त्यात आहेत : कॅमल केस (totalAmount), पास्कल केस (TotalAmount), स्नेक केस (total_amount) आणि केबॅब केस (total-amount). त्या चौघींच्या वरच्या शीर्षकासाठी मी 'लिपी बदला' असे लिहिले. पाचवीला इंग्रजी सुरू झाले तेव्हा आम्हाला पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी लिपी शिकवली होती, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद म्हणजे लिपीचा भेद हे मनात इतके पक्के बसले होते की मला शंकाही आली नाही. तपासनिसांनी मजकूर परत पाठवला. लिपी म्हणजे देवनागरी, मोडी, रोमन. 'लिपी बदला' वाचून रोमन नाव देवनागरीत होईल असे वापरणाऱ्याला वाटेल, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी सुचवलेले 'केस बदला' मला रुचत नाही, कारण तो शब्द मराठीत डोक्यावरच्या केसांसाठी आणि कोर्टातल्या खटल्यासाठी आधीच राबतो आहे. मेनूत मावेल असा एखादा शब्द सुचवावा.

चाररेघी :
तुमची आठवण चुकीची नाही. मी मराठी माध्यमाच्या शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. छापील मोठी अक्षरे ही पहिली लिपी, छापील लहान ही दुसरी, वळणदार मोठी ही तिसरी आणि वळणदार लहान ही चौथी, असे आम्ही फळ्यावर लिहून देत असू. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आले आणि त्यानंतरच्या मुलांच्या तोंडी 'कॅपिटल' आणि 'स्मॉल' जास्त ऐकू येऊ लागले, पण एवढ्याने 'लिपी' हा शब्द अशुद्ध ठरत नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून दिलेला तो अर्थ आहे, आणि तपासनिसांनी तो निदान मान्य करायला हवा होता.

रानजाई :
आमच्या कोकणातल्या शाळेत दुसरी लिपी म्हणजे वळणदार अक्षरे होती. ज्या शब्दाचा क्रमांक गावागणिक बदलतो, तो मेनूत कसा चालेल?

खिळेजुळारी :
'केस' परका वाटतो तो त्याचे मूळ विसरल्यामुळे. माझ्या वडिलांचा छापखाना होता आणि सुटीत मी तिथे खिळे जुळवायला बसत असे. केस म्हणजे खिळे ठेवण्याची खणाखणांची लाकडी पेटी. इंग्रजी जुळणीत दोन पेट्या एकावर एक तिरक्या मांडत; मोठी अक्षरे वरच्या पेटीत आणि लहान अक्षरे हाताजवळच्या खालच्या पेटीत, आणि त्यावरूनच इंग्रजीत अप्पर केस आणि लोअर केस ही नावे पडली. आपल्या देवनागरीच्या पेटीत काना-मात्रांना आणि जोडाक्षरांना पुष्कळ जास्त खण लागत, पण लहान-मोठा हा भेद तिथे नव्हताच. मूळ अर्थ धरायचा तर 'वरचा खण' आणि 'खालचा खण' म्हणावे, आणि आज्ञेला 'खण बदला'. निदान त्या शब्दामागे मराठी माणसांनी हातांनी केलेले काम आहे.

अधोरेषा :
खण हा शब्द मला आवडला, पण तो इथे बसत नाही, आणि त्याच कारणाने 'लिपी' आणि 'केस' हेही बसत नाहीत. या चार आज्ञांपैकी स्नेक आणि केबॅब या धाटणींत सगळी अक्षरे सहसा लहानच असतात; त्यांच्यात फरक पडतो तो शब्द कशाने जोडले याचा. स्नेकमध्ये अधोरेषा येते, केबॅबमध्ये संयोगचिन्ह येते, आणि कॅमल व पास्कलमध्ये मोठे अक्षर हाच सांधा असतो. वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये 'बॅकग्राउंड-कलर' असे लिहितात, पण जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत ते आडवे चिन्ह वजाबाकीचे असल्यामुळे तेच नाव जोडून लिहावे लागते आणि 'कलर'चे पहिले अक्षर मोठे होते. म्हणजे बदल सांध्याचा आहे.

म्हणूनच हे काम दिसते तितके सरळ नाही. जावास्क्रिप्टमधल्या 'एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट' (XMLHttpRequest) या नावात एक्सएमएलची तिन्ही अक्षरे मोठी आहेत आणि एचटीटीपीचे फक्त पहिले. प्रत्येक मोठ्या अक्षराआधी अधोरेषा घालणारा साधा प्रोग्रॅम एक्सएमएलचे तीन तुकडे करतो. त्याला शहाणे करून नीट तोडायला शिकवले, तरी स्नेकमधून परत येताना एक्सएमएलचे एकच अक्षर मोठे होते आणि मूळ नाव काही हाती लागत नाही. मी स्वतः एका जुन्या प्रकल्पात हजारभर नावे अशी बदलली आणि मग दोन आठवडे फक्त ती जुळवत बसलो.

मोडीवाचक :
मोडीची कागदपत्रे वाचणाऱ्याला हे दुखणे परके नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जायची, ही मोडीची रीत; शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचे. देवनागरीत कॅमल केस लिहिले तर नेमके हेच होते. 'एकूण_रक्कम' किंवा 'एकूण-रक्कम' यांत सांधा दिसतो, पण मोठे अक्षर नसल्यामुळे कॅमलमध्ये उरते ते 'एकूणरक्कम', आणि तो झाला सरळ समास. मग 'जमाखर्च' हा एक शब्द मानायचा की दोन? 'रोजगार' एकच आहे हे माणसाला कळते. यंत्राला 'रोज' आणि 'गार' हे दोन्ही शब्द कोशात सापडतात.

शुद्धमती :
अधोरेषा यांचे विवेचन पटले, पण त्यांनी तोडगा न देता कॅमल आणि स्नेक तसेच ठेवले, हे मला खटकते. 'दिनांक' आणि 'क्रमांक' हेही एकेकाळी घडवलेलेच शब्द होते आणि आज ते कुणाला बोचत नाहीत. उंटाच्या पाठीवरच्या उंचवट्याला मराठीत मदार म्हणतात, तेव्हा कॅमल केसला 'मदारलेखन' म्हणावे, स्नेकला 'अधोरेषालेखन' आणि केबॅबला 'संयोगलेखन'. पास्कलला 'अग्रमदार' म्हणता येईल, कारण तिथे पहिल्या अक्षरापासूनच उंचवटा असतो.

रानजाई :
'मदार' ऐकले की मराठी माणसाच्या मनात आधी भिस्त येते; 'सारी मदार पावसावर' असे आपण रोज म्हणतो. आणि वशिंड म्हणावे तर ते बैलाचे.

अधोरेषा :
पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेत लहान आणि मोठी अक्षरे यांत भेदच मानत नाहीत, तरी मोठ्या अक्षरांच्या धाटणीला तिचे नाव मिळाले. नाव वस्तूचे अचूक वर्णन करतेच असे नाही. सगळ्यांना एकच वस्तू कळली म्हणजे ते चालते. नवशिक्या मुलीने 'मदारलेखन' शोधले तर तिला काही सापडणार नाही, आणि 'कॅमल केस' शोधले तर सगळे सापडेल.

शुद्धमती :
सापडणार नाही, कारण आपण लिहीत नाही. हे कारण पुढे करत राहिलो तर मराठीत नवा शब्द कधीच येणार नाही.

मोडीवाचक :
शब्दांचे नाव काहीही ठेवा, पण हा भेद आपल्या लिपीवर कुठवर चालून येतो तेही पाहा. गो या प्रोग्रॅमिंग भाषेत नावाचे पहिले अक्षर मोठे असेल तरच ते नाव पॅकेजबाहेर, म्हणजे प्रोग्रॅमच्या इतर भागांना, दिसते. देवनागरीत मोठे अक्षर नाही, म्हणून देवनागरी अक्षराने सुरू होणारे नाव बाहेर देताच येत नाही. त्यातच काना-मात्रांना तिथे अक्षर मानत नाहीत, त्यामुळे 'नग' हे नाव चालते आणि 'नाव' हे चालत नाही. पायथनमध्ये मात्र दोन्ही चालतात.

उंबरठा :
सर्वांचे मनापासून आभार. अधोरेषा यांनी लिहिता लिहिता वापरलेला 'धाटणी' हा शब्द मी उचलला आणि 'नावाची धाटणी बदला' असे लिहून पाठवले. तो मान्य झाला, पण त्याच एडिटरच्या शोधचौकटीत 'केस जुळवा' अशी एक खूण आहे. तिथे सांध्याचा प्रश्नच नाही, निव्वळ लहान-मोठ्या अक्षरांचा आहे, आणि तिथे 'धाटणी जुळवा' म्हणणे चूक ठरेल.

चाररेघी :
तिथे 'लिपी जुळवा' का नको?